दलदलीची हवा

यंत्राच्या पडद्यावरचे आकडे पाहून धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हवेतल्या वायूंमध्ये जड कार्बन किती आणि हलका किती, हे मोजणं तिचं रोजचं काम. दलदलीत कुजून झालेला वायू हलका. जमिनीच्या पोटातून काढून नळाने घरोघर दिलेला त्याहून जड. वायूला खोटं बोलता येत नाही. ते काम माणसं करतात.

ताईच्या गल्लीत घराघरांत वास येत होता. गॅस कंपनी म्हणे, मागच्या दलदलीचा आहे, आमचे नळ ठणठणीत आहेत. भाऊजी त्याच कंपनीत देखरेखीला. "तू कशाला दारोदार फिरतेस? मी आणतो घराघरांतली हवा भरून," म्हणाले, आणि हिने आतली हवा काढून घेतलेले पोलादी डबे खुशाल त्यांच्या हवाली केले. घरचा माणूस ना. अक्कल गहाण टाकली होती, दुसरं काय.

आता सगळ्या डब्यांचा आकडा एकच, हलका. स्वयंपाकघरातली हवा, आणि तीत शेगडीच्या गॅसचा मागमूस नाही? भाऊजीसाहेबांनी दलदलीच्या काठावर उभं राहून सगळे डबे भरले होते.

उरलेला एक रिकामा डबा पिशवीत घालून ती तडक ताईकडे गेली. भाऊजी जेवत होते. हिने ओट्याखाली डबा धरून चावी फिरवली. हवा सूं करत आत शिरली.

"हे काय चाललंय?" भाऊजींनी विचारलं.

"तुम्ही टाळलेलं काम."

"अगं, नोकरी जाईल माझी. दलदलच निघाली पाहिजे, असं वरून सांगितलंय. आणि एवढा काही धोका नाही."

"धोका कसला?" ताईला काही कळेना. "यांनी तर महिन्यापूर्वीच गॅस बंद करून विजेची शेगडी आणली. घरात काडीसुद्धा ओढू देत नाहीत. मला वाटलं, माझी काळजी."

धाकटीला भाऊजींची गचांडी धरावीशी वाटली. म्हणजे या माणसाला सगळं ठाऊक होतं. स्वतःचं घर तेवढं वाचवून तो निवांत जेवत होता.

"आणि शेजारचे?" ताईने नवऱ्याला विचारलं. तो भात कालवू लागला.

भिंतीपलीकडे भांडी वाजत होती, शेजारीण स्वयंपाकाच्या तयारीला लागली होती. ताई उठून अनवाणीच बाहेर धावली.

"बेल दाबू नकोस," धाकटी तिच्या मागे पळत म्हणाली, "ठिणगी उडेल."

ताई दोन्ही मुठींनी दार बडवायला लागली.