एका मंद फॉर्मची सुटका

मित्रांनो, मी एका दवाखान्याच्या कॉम्प्युटरमधला जुना तक्रार फॉर्म आहे. नळ गळला, दिवा गेला, पलंगाचं चाक निसटलं, की इथली माणसं मला उघडतात, बिघाड लिहून पाठवतात आणि दुरुस्तीची माणसं निघतात.

सुरुवातीला माझ्यात चारच रकाने होते: कोण, कुठे, काय आणि किती घाई. बोट लावायचा अवकाश, की मी हजर! मोठे साहेब पाहुण्यांना कौतुकाने सांगायचे, "आमचा फॉर्म भारी चटपटीत आहे बरं का."

मग कुणाची दृष्ट लागली कोण जाणे. प्रत्येक विभागाला माझ्यात आपला एकेक रकाना हवा झाला. खरेदीवाल्यांना वस्तूचा रंग, हिशेबवाल्यांना तिचं वय, आणखी कुणाला इमारतीतल्या सगळ्या खोल्यांची यादी. उघडताना हे सगळं मला गोळा करून आणावं लागे. काही रकाने तर दिसतही नसत, पण ओझं माझ्याच डोक्यावर. पडद्यावर गोल चक्र फिरत राही आणि माणसं मला आळशी म्हणत. उचलली जीभ, लावली टाळ्याला! माझं काय चुकलं, तुम्हीच सांगा.

शेवटी माणसांनीच शक्कल काढली. सकाळी आल्या आल्या मला उघडायचं आणि दिवसभर तसंच ठेवायचं, म्हणजे ऐनवेळी खोळंबा नको.

लहान मुलांच्या विभागातल्या सिस्टरही तेच करत. एकदा सकाळी लॉन्ड्रीतल्या गळक्या नळासाठी त्यांनी मला भरायला घेतलं. 'कुठे' मध्ये लॉन्ड्री लिहिलं, तेवढ्यात कुणी हाक मारली आणि ते तसंच राहिलं. दुपारी लशींचा फ्रिज बंद पडला. बाहेर आया बाळांना मांडीवर घेऊन बसलेल्या, आणि लशी तापल्या की फेकूनच द्यायच्या. सिस्टरांनी घाईघाईने 'फ्रिज बंद, लवकर या' एवढंच लिहून मला पाठवून दिलं. 'कुठे' मध्ये लॉन्ड्रीच होती. मला दिसत होतं, पण मला तोंड कुठे!

मेकॅनिककाका हत्यारं घेऊन इमारतीच्या दुसऱ्या टोकाला लॉन्ड्रीत पोचले.

"इथे कसला फ्रिज? इथे चादरींनाच जागा पुरत नाही," तिथल्या बाई म्हणाल्या.

काकांनी मोबाइलवर मला पुन्हा वाचलं. 'कोण' मध्ये सिस्टरांचं नाव होतं. ते पाहून काका तडक मुलांच्या विभागाकडे पळत सुटले. फ्रिज उघडून त्यांनी आधी आतला थर्मामीटर पाहिला. "लशी अजून थंड आहेत," ते म्हणाले आणि दुरुस्तीला लागले. सिस्टरांचा जीव भांड्यात पडला, आणि माझाही.

संध्याकाळी कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या मॅडम आल्या. "फॉर्म उघडा का ठेवता हो?"

"मग काय करू? तो उघडेपर्यंत बाळ रांगायला लागेल," सिस्टर म्हणाल्या.

मॅडम ओशाळल्या. दुसऱ्या दिवशी त्या विभागाविभागात गेल्या आणि एकच विचारत राहिल्या, "या रकान्यातलं उत्तर तुम्ही शेवटचं कधी वाचलं?" बहुतेकांनी खिडकीबाहेर पाहिलं. मॅडमनी ते रकाने काढून टाकले. लांबलचक याद्या आता मागितल्या तरच येतात. काय हायसं वाटलं म्हणून सांगू!

म्हणून मित्रांनो, कुणावर नवा प्रश्न लादण्याआधी त्याचं उत्तर आपण खरंच वाचणार आहोत का, एवढं पाहत जा. आता मी हाकेसरशी उघडतो, हे सिस्टरांना ठाऊक झालंय. काम झालं की त्या मला निर्धास्तपणे बंद करून टाकतात.