डोणीत आलेले वाढदिवसाचे मासे

मित्रांनो, एका पोस्टकार्डाला वेळेवर उत्तर गेलं असतं, तर माझ्या पाण्यात आज मासे नसते. ते कार्ड आप्पासोंनी माझ्या काठावर बसूनच वाचलं होतं. पुन्हा पुन्हा वाचलं, खिशात ठेवलं, परत काढलं. उत्तर मात्र गेलं नाही.

मी आहे एक जुनी दगडी डोण. डोण म्हणजे गुराढोरांना पाणी पिण्यासाठी एकाच दगडात कोरलेलं लांबट भांडं. शिराळ्याजवळच्या एका गावात, आप्पासोंच्या अंगणात, मी कितीतरी वर्षं पडून आहे. माझ्यासारख्या दगडानं गोष्ट सांगावी इतकं माझ्या आयुष्यात घडलंय का, अशी शंका मला नेहमीच येते. तरी सांगते. कंटाळा आला आणि मधेच उठून गेलात, तर मी रागावणार नाही.

आधी मी डोंगराच्या खाणीतला एक साधा काळा दगड होते. आप्पासोंचे वडील लालासाहेब पलटणीतून पेन्शनीवर आले. त्यांनी म्हशी घेतल्या आणि पाथरवटाकडून मला घडवून घेतलं. छिन्नीनं माझं पोट कोरलं जात होतं तेव्हा फार दुखलं. पण पहिल्यांदा पाणी भरलं आणि एक म्हैस नाक बुडवून घटाघटा पाणी प्यायली, तेव्हा ते दुखणं मी विसरले.

लालासाहेबांची शिस्त कडक होती. म्हैस पाणी पीत असताना कोणी हाक मारायची नाही, बादली वाजवायची नाही, हालायचंसुद्धा नाही. "त्ये पितंय तवर गप ऱ्हावा," असं ते म्हणायचे. छोटे आप्पासो तेव्हा माझ्या काठाला टेकून पुस्तक वाचायचे. गप्प राहायची शिस्त त्यांना इतकी मानवली, की मोठेपणीही ती सुटली नाही. पुढं ते गावच्या वाचनालयात ग्रंथपाल झाले. तिथंही गप्पच राहायचं होतं.

ते माझे चांगले दिवस होते. येणारे-जाणारे म्हणायचे, "डोण लय भारी हाय गड्या, पाणी कसं गार ऱ्हातंय." मग लालासाहेब गेले. म्हशी विकल्या गेल्या. माझ्यात कोणी पाणी भरेना. फुटकी कौलं, तुटका पाइप, एक चप्पल असं काहीबाही माझ्या पोटात जमलं. पावसाळ्यात त्यावर पाणी साचायचं, शेवाळ धरायचं आणि डास व्हायचे. गावच्या आशाताई घरोघर फिरताना मला बघून चिडायच्या. यंदा तर त्या आप्पासोंच्या पत्नीला, हरणाबाईंना, बजावून गेल्या, "मावशी, ही डोण कोरडी तरी करा, न्हाईतर दवाखान्यातनं गप्पी मासं आणून सोडते. त्ये डासाच्या अळ्या खात्यात."

हरणाबाईंनी पाइप, चप्पल, कौलं काढली, मला घासून घेतलं. एक कौल तेवढं तळाला राहिलं. पुढं पाऊस लागला आणि मी परत भरले.

त्याच दिवसांत ते पोस्टकार्ड आलं. आप्पासोंची मुलगी दीपमाला साताऱ्याला राहते. जावई जयराज तिथल्या कारखान्यात आहेत. त्यांची लेक प्रांजल हिनं शाळेत पत्रलेखन शिकल्याबरोबर आजोबांना खरं पत्र टाकलं होतं. तिला ठाऊक होतं, की आजोबा फोनवर 'हं, हं, बरं' याच्यापुढं जात नाहीत. तिनं लिहिलं होतं:

'ती. आजोबांस सा. नमस्कार. माझ्या वाढदिवसाला पप्पा सगळ्यांना रिटर्न गिफ्ट म्हणून एकेक जिवंत मासा देणार आहेत, पिशवीत पाणी घालून. पप्पा म्हणतात, जिवंत वस्तू दिली की मुलं कायम लक्षात ठेवतात. पण माशाला नको असेल तर? तुम्ही खूप पुस्तकं वाचली आहेत. चालेल की नाही ते लवकर कळवा.'

आप्पासो 'जिवंत वस्तू' या दोन शब्दांपाशी अडकले. त्यांनी त्याखाली पेन्सिलीनं रेघ मारली. कोरं कार्ड घेऊन माझ्या काठावर बसले. 'मला यातलं फारसं कळत नाही, तरी...' एवढं लिहून थांबले. दुसऱ्या दिवशी दुसरं कार्ड घेतलं आणि पुन्हा तेवढंच लिहिलं.

"आवं, पोरीनं दोन वळी इचारल्यात," हरणाबाई म्हणाल्या. "तुमी काय पोथी लिवताय व्हय?"

"अगं, जावयाच्या घरातली गोष्ट हाय. आपण मधी कशाला बोलायचं? आन् मी कुठं मासं पाळल्यात? पुस्तकातलं सांगितलं आन् चुकलं, म्हंजे?"

असं करता करता वाढदिवस होऊन गेला.

नागपंचमी आली. पंचमीला लेकी माहेरी येतात. दीपमालाही आदल्या दिवशी जयराज आणि प्रांजलला घेऊन आली. प्रांजलच्या हातात लोणच्याची एक मोकळी बरणी होती आणि तिच्यात तीन नारंगी मासे. साताऱ्यापासून एसटीत तिनं ती बरणी मांडीवरून खाली ठेवली नव्हती. मासे सारखे वर येऊन तोंड उघडत होते.

आप्पासो हळूच म्हणाले, "कसा झाला गं वाढदिवस?"

प्रांजलनं त्यांच्याकडं बघितलं नाही. "तुम्ही उत्तरच दिलं नाही, आजोबा. मला वाटलं, तुम्ही काही बोलला नाहीत म्हणजे चालत असेल."

आप्पासो उभे होते ते माझ्या काठावर बसले. मित्रांनो, मी दगड आहे, पण तेव्हा त्यांच्यापेक्षा मीच मऊ असेन, इतके ते ताठरले होते.

मग प्रांजलनं सगळं सांगितलं. शंभूराज नावाच्या तिच्या वर्गातल्या मुलानं, मासा गारठेल म्हणून त्याला कोमट पाण्यात ठेवलं. सकाळी त्यानं आईला सांगितलं, "मासा उताणा झोपलाय." कोणाच्या घरी मांजर होतं. कोणी नळाच्या पाण्यात चपाती कुस्करून घातली. दोघांच्या आयांनी मासे तसेच पिशवीत परत आणून दिले. ते दोन आणि तिचा एक, एवढेच तिच्याजवळ उरले होते.

"आता माझ्या वर्गातल्या राजनंदिनीच्या वाढदिवसालापण मासेच देणार आहेत," प्रांजल म्हणाली. "पप्पांनीच त्यांना दुकान दाखवलं."

"अवो मामा, एवढासा मासा," जयराज हसून म्हणाले. "गेला तर दुसरा आणायचा. पोरं हायत, दोन दिवसांत इसरत्यात."

"हं," आप्पासो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पंचमी. सकाळीच हरणाबाईंची गडबड सुरू झाली. मातीचा नाग पाटावर ठेवायचा, दूध-लाह्यांचा नैवेद्य, उकडलेली दिंडं. लाह्या ठेवायला त्यांना बरणी हवी होती. प्रांजलनं रात्री मागच्या पायरीवर ठेवलेली एक त्यांना दिसली, आत पाणी आणि मासे. आदल्या दिवशी त्या स्वयंपाकघरातच होत्या, त्यामुळं हे मासे त्यांनी पाहिलेच नव्हते. त्यांना वाटलं, आशाताई बोलल्याप्रमाणं गप्पी मासे ठेवून गेल्या. त्या बरणी घेऊन माझ्यापाशी आल्या आणि त्यांनी ती सरळ माझ्यात उपडी केली.

टप्. टप्. टप्.

म्हशींच्या नाकांनंतर इतक्या वर्षांनी माझ्या पाण्याला काहीतरी जिवंत लागलं. मी दचकलेच. तिघेही सरळ तळाशी गेले आणि दिसेनासे झाले.

थोड्या वेळानं प्रांजल पायरीवर आली. बरणी धुऊन उपडी घातलेली होती.

"आजी, माझे मासे?"

"कुठलं मासं?"

"बरणीतले!"

"त्ये तुजं व्हय? मला वाटलं, सरकारी हायत. दिलं सोडून डोणीत, डास खायला."

"आई, सरकारी मासं असं नारंगी असत्यात का?" दीपमालानं कपाळाला हात लावला.

"मला काय ठावं? म्हटलं, आता सरकारबी रंगीत द्यायला लागलं आसंल."

जयराज मोठ्यानं हसले, पण प्रांजलला रडू फुटलं. ती धावत आली आणि तिनं माझ्यात दोन्ही हात घालून ढवळलं. शेवाळ उठलं, पाणी गढूळ झालं. हरणाबाई चाळण घेऊन धावल्या. जयराज म्हणाले, "उपसूया की डोण. बादली आणा!"

मी घाबरले. बादलीच्या एका फटक्यात त्या इवल्याशा जिवांचं काय झालं असतं! पण डोणीला ओरडता येत नाही.

"थांबा!"

हा आवाज आप्पासोंचा होता. तो इतका मोठा येऊ शकतो, हे मला माहीत नव्हतं. बहुतेक त्यांनाही नव्हतं.

"बादली खाली ठिवा. कुणी हालायचं न्हाई. कुणी बोलायचं न्हाई."

लालासाहेबांची जुनी शिस्त माझ्याभोवती परत उभी राहिली. जयराज बादली धरून, हरणाबाई चाळण धरून, दीपमाला पदर तोंडाशी धरून, सगळे चित्रासारखे उभे. प्रांजलनं हुंदका दाबला. आप्पासो माझ्या काठाशी उकिडवे बसले. ज्या गप्प राहण्यानं पत्राचा घोटाळा केला होता, तेच आता कामाला आलं. पाणी हळूहळू निवळलं. आधी एक बुडबुडा आला. मग शेवाळाखालून एक नारंगी शेपटी हलली. तिच्यामागं दुसरी. तिसरा काही येईना. प्रांजलनं आजोबांचा सदरा मुठीत धरला. शेवटी तळाच्या कौलाखालून तिसरं तोंड बाहेर आलं आणि त्यानं जवळच वळवळणाऱ्या एका अळीवर झडप घालून ती खाऊनही टाकली.

"बग! म्हटलं न्हवतं डास खात्यात?" हरणाबाई म्हणाल्या, आणि सगळ्यांनी इतका वेळ कोंडलेला श्वास सोडला. मीसुद्धा सोडला असता, पण मला तो नाही.

"बरं झालं," जयराज म्हणाले. "उद्या जाताना नदीत सोडू. मोकळं हुतील."

"न्हाई जावईबापू." आप्पासोंचे कान लाल झाले होते, पण ते थांबले नाहीत. "ह्यांचा जलम टाकीतला. नदी ह्यास्नी ठावी न्हाई, आन् नदीतल्या माशास्नी ह्यांचा तरास. ह्ये हितंच ऱ्हाऊ द्यात. मी बगतो. आन् एक सांगू? तुमी जिवंत वस्तू म्हणता. वस्तू आसंल तर कुणाच्याबी हातात द्यावी. जिवंत आसंल तर आदी इचारावं लागतंय. घरात जागा हाय का, येळ हाय का, घ्यायचं मन हाय का. त्या पोरांच्या आयास्नी इचारलं हुतं का आपण?"

एवढं बोलून ते खाली बघू लागले. एका दमात इतकं बोलल्याचं त्यांचं त्यांनाच नवल वाटलं असावं.

जयराजांनी हातातली बादली खाली ठेवली. "न्हाई इचारलं मामा," ते म्हणाले. "ध्यानातच आलं न्हाई. पर मग राजनंदिनीच्या घरच्यांना काय सांगू? पोरांच्या हातावर कायतरी ठेवायला पायजेच की."

याचं उत्तर आप्पासोंच्या कुठल्याच पुस्तकात नसावं. पण तेवढ्यात हरणाबाई चाळण आत ठेवून पाट घेऊन बाहेर आल्या आणि पाटावर मातीचा नाग होता.

"त्यात काय एवढं? आदी आपल्याकडं पंचमीला जिता नाग पुजायचं. आता ह्यो मातीचा पुजतो. सण मोडला का आपला? कुंभार नाग करतोय, त्याला मासा यायचा न्हाई व्हय?"

रडून लाल झालेल्या नाकानं प्रांजल हसली. मग आजोबांकडं वळून म्हणाली, "आणि माझ्या पत्राचं उत्तर?"

"लिवून कळवतो," आप्पासो म्हणाले.

"पोरगी म्होरं हुबी हाय, आन् ह्ये लिवून कळवणार!" हरणाबाईंनी हात उडवले.

"लिहूनच पाठवू देत, आजी. मी राजनंदिनीला आणि तिच्या पप्पांना वाचून दाखवणार आहे. पण आजोबा, तिच्या वाढदिवसाआधी हं."

ते साताऱ्याला परत गेले. आप्पासोंनी माझ्यावर अर्धी झावळी घातली, सावली राहावी म्हणून. खंड्या पक्षी टपून असतो, म्हणून वर जाळी लावली. रोज थोडं पाणी काढतात, थोडं आदल्या दिवशी भरून ठेवलेलं पाणी घालतात. तीन माशांना मी पुरेशी मोठी आहे का, ही शंका त्यांनाही आहे आणि मलाही. पण बरणीपेक्षा मी नक्कीच मोठी आहे.

मित्रांनो, मला उपदेश करायला संकोच वाटतो. तरी एवढं मागते. तुमच्या वाढदिवसाला फुगे द्या, गोष्टीचं पुस्तक द्या, मातीचा मासा द्या. जिवंत जीव मात्र खाऊच्या पुडीसारखा वाटू नका. तो घरी नेणाऱ्याला आयुष्यभर सांभाळायचा असतो, आणि नीट सांभाळलं गेलं नाही तर ते सांगायला त्या जिवाकडं शब्द नसतात. आणि कोणी तुम्हाला 'चालेल का?' असं विचारलं, तर उत्तर द्या. गप्प राहिलात तर समोरच्याला ते 'हो'च ऐकू येतं.

काल आप्पासो पुन्हा कोरं कार्ड घेऊन बसले. 'मला यातलं फारसं कळत नाही' असं लिहिलं आणि खोडलं. मग लिहिताना ते पुटपुटत होते, ते मी ऐकलं: 'चि. प्रांजल हिस अनेक आशीर्वाद. उत्तराला उशीर झाला. चालणार नाही. माशाला नको असेल तर, हा तुझा प्रश्न बरोबर होता. हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं. कुंभारानं मातीचे मासे भट्टीत लावले आहेत, रंगवून लगेच पाठवतो. डोणीतले तिघे खुशाल आहेत.'

माझ्यासमोर, रस्त्यापलीकडच्या भिंतीवर, टपालाची लाल पेटी आहे. आप्पासो तिथवर गेले आणि परत आले. माझ्यात डोकावून तिन्ही मासे पाहिले. पुन्हा गेले. पेटीशी उभे राहून कार्ड एकदा उलटं करून बघितलं.

"टाका की आता!" हरणाबाई दारातून ओरडल्या.

पेटीच्या आतून आवाज आला. टप्.

तो आवाज मी लगेच ओळखला.