मखमलची एकादशी

पिंजऱ्यातला मक्याचा हिरवा चारा मधुसूदनराव दोन बोटांनी उपसत होते. मका हे धान्य, म्हणून एकादशीला त्याचं पानही वर्ज्य, असा निर्णय त्यांनी तीन ग्रंथ उघडून दिला होता. भगर मात्र धान्यात मोडत नाही, हे त्यांनी फार पूर्वीच, जेवणाआधी, सिद्ध केलं होतं. चाऱ्याच्या जागी केळं आलं, बियांसकट चिकू आला, द्राक्षांचा घोस आला.

मखमल हा गिनीपिग त्यांच्या मुलीचा. महिनाभर पुण्याला जाताना भानुमतीनं तो यमुनाआत्याच्या स्वाधीन केला होता. यमुनाबाईंना तिनं बजावलं होतं : चारा सतत समोर हवा, फळ आठवड्यातून दोनदा, नखाएवढं, बी काढून.

"दादा, त्याला एवढी फळं सोसत नाहीत."

"फलाहार न सोसणारा जीव शास्त्रात नाही. तू चाळीस वर्षं करतेस ना? तुला काय झालं?"

शाळेच्या कचेरीत तीस वर्षं कारकुनी करताना 'तुला काय झालं?' हे यमुनाबाईंना कुणी विचारलं नव्हतं. दुपारी कडुलिंबाच्या सावल्या भिंतीवर पाण्यासारख्या हलू लागल्या. त्यांचा डोळा लागला, आणि डुलकीत त्यांना लासूर स्टेशनचं सासर दिसलं, नुकतंच पांढरं झालेलं कपाळ दिसलं, आणि समोर केळ्यांचं ताट. भोवती बसलेली माणसं त्यांच्या निग्रहाचं कौतुक करत होती. एकोणीस वर्षांच्या त्या मुलीला फक्त भाकरी हवी होती.

जाग आली तेव्हा मखमल कोपऱ्यात केस फुलवून बसला होता. पोट टम्म, लेंडी एकही नाही. जनावरांच्या डॉक्टरांनी फोनवर फळं काढायला सांगितलं. गवत खातो का बघा, तासाभरात तोंड लावलं नाही तर घेऊन या.

यमुनाबाईंनी विळ्यानं परसातलं गवत कापून आणलं. दारात मधुसूदनराव उभे होते.

"उद्या द्वादशीला सोडेल की तो उपास."

"उद्यापर्यंत जगला पाहिजे, दादा."

"मोडेल ना व्रत."

"मोडू द्या."

त्या फरशीवर बसल्या. एक काडी मखमलच्या ओठाशी धरली. बराच वेळ काही झालं नाही. मग काडी हलली, इवलीशी आखूड झाली, आणि कुरकुर असा आवाज येऊ लागला.

आतून दादांनी भगरीसाठी हाक मारली. थोड्या वेळानं पुन्हा मारली.

यमुनाबाईंनी दुसरी काडी पुढं केली.