देवाचा मुंडकार

“त्या कोपऱ्याक विळो लायलोस तर हांव मिसाक येवचें ना, सांगून दवरतां!”

कार्मेलीन बांधावरून ओरडत होती. तिचा नवरा बस्त्यांव घोटाभर चिखलात विळा घेऊन उभा होता. शेजारी म्हणून मी धावत गेलो खरा. पण नवराबायकोच्या भांडणात शेजाऱ्याने बोलायचं तरी काय?

भांडणाचं कारण समोर आडवं पडलं होतं. केरीच्या खाडीकाठी बस्त्यांवचं हे एकच शेत, आणि आदल्या रात्री रानडुकरांनी ते पार तुडवून टाकलं होतं. वाचला होता फक्त एक कोपरा, काट्यांचं कुंपण घालून बियाण्यासाठी राखलेला. भात कोरगूट. खाऱ्या मातीत हेच तगतं, आणि आमच्या वाड्यावर ते बस्त्यांवपाशीच उरलं होतं. बाकीच्यांची शेतं कधीच पडीक झाली. माझंसुद्धा, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवशी कापेलात, आमच्या लहानशा चर्चमध्ये, कणसांचं फेस्त होतं, नव्या भाताचा सण. मिस, म्हणजे प्रार्थना, झाली की पाद्री नव्या भाताच्या जुड्या आशीर्वादून देतात आणि त्या वर्षभर घराच्या दारावर टांगायच्या. आम्ही हिंदूही त्या नेतो. दारावर नवं बांधायची रीत आमच्याकडेही आहेच. तीस वर्षं ही कणसं बस्त्यांवच्या शेतातून जात होती, एक पैसा न घेता. आता कोपरा कापला तर फेस्त होणार, पण पुढे पेरायला दाणा उरणार नव्हता.

“पाद्रींक सांग रे. समजून घेतले,” मी म्हणालो.

“पाद्री समजतले, सगुण. म्हजें मन कशें समजतलें?” त्याने टोपी मागे सारली. “म्हजो बापूय भाटकाराचो मुंडकार. जमीन ताची, घाम आमचो. हुंवार येवं, शेत बुडूं, कीड पडूं, पयलें भात भाटकाराच्या दारांत. तो भाटकार कदीं गोड उतर उलयलो ना, तरी दिलें. आनी हो वयलो भाटकार? हाणें म्हाका तीस वर्सां पोसलो. ताका डुकरांची सबब सांगूं?”

“आनी फुडें किदें पेरतलो? तुजी टोपी?” कार्मेलीन किंचाळली.

“ना जाल्यार ना.” एवढं म्हणताना मात्र त्याचा आवाज फाटला. तो वाकला आणि कापू लागला.

मला त्याचा रागच आला. शेजारी इतका चांगुलपणा असला की आपली आपल्याला लाज वाटते, आणि लाज वाटली की माणूस चिडतो.

फेस्ताला कार्मेलीन आली. न येऊन जाते कुठे! तोंड फुगवून, पण ठेवणीतला झगा घालून आली. वाजंत्र्यांच्या मागून बस्त्यांव डोक्यावर भारा घेऊन चालला होता आणि त्याची मान अशी ताठ, की वरच्या भाटकारानेच बघावं. शेवटचं कणीससुद्धा त्याने स्वतःकडे ठेवलं नाही. घराघराला जुड्या गेल्या, त्याच्या वाट्याला इतरांसारखी एक.

घरी येऊन दिपाली, माझी बायको, स्टुलावर चढली. नवी जुडी बांधली आणि जुनी सोडली. जुनी दरवर्षी कोंबड्यांना जाते. ती टाकता टाकता थांबली, चार दाणे तळहातावर चोळले.

“आयकलें? हें गेल्या वर्साचें कोणाच्या शेतांतलें?”

“बस्त्यांवच्या. दर वर्सा ताच्याच...” बोलता बोलता मी वर दाराकडे बघितलं.

“आनी सगळ्यांच्या दारांर हेंच मां?”

उत्तराची वाट बघायला ती थांबलीच नाही. सूप घेऊन बाहेर पडली. “कोंबड्यांक घालूं नाकात गो!” ती दारोदार ओरडत होती आणि दारोदार स्टुलं निघत होती. कुणाची जुडी चिमण्यांनी अर्धी खाल्लेली, कुणाची किडीने पोखरलेली. ख्रिस्ती घरांतल्या जुड्यांना मेणबत्तीचा वास, आमच्यांना हळदकुंकू. दुपारी आम्ही सगळे बस्त्यांवच्या अंगणात उभे राहिलो तेव्हा सूप काठोकाठ भरलं होतं.

कार्मेलीन सुपात हात घालून रडली, आम्हा सगळ्यांसमोर, खुशाल.

वर्षाचं जुनं भात, रुजेल की नाही याची धाकधूक होतीच. मूठभर भिजवून ओल्या गोणपाटात गुंडाळलं. रुजलं तर माझ्या विहिरीकाठच्या जमिनीत हिवाळी पीक घेऊन बी वाढवायचं, असं मीच पुढे होऊन सांगितलं. नऊ वर्षं तिथे मी कुदळ लावली नव्हती.

तिसऱ्या दिवशी सकाळी कार्मेलीनने गोणपाट उलगडलं. पांढरे कोंब. सगळ्या दाण्यांना नाहीत, पण बहुतेकांना. एका दाण्यावर कुंकू तसंच होतं आणि त्यालाही कोंब.

ती नवऱ्याकडे वळली, कमरेवर हात ठेवून. “फुडल्या फेस्ताक त्या कोपऱ्यांतलें पयलें भात देवाचें. आमच्या पोटाखातीर ताका विळो लायलोस तर हांव मिसाक येवचें ना, सांगून दवरतां!”

बस्त्यांवने डोक्यावरची टोपी काढली आणि त्या ओल्या गोणपाटासमोर, मिसात उभं राहावं तसा, उभा राहिला.