चौथ्या मजल्यावरची हाक

सानपाड्यातल्या त्या बिल्डिंगचं नळकाम कुणा महाभागाने केलं होतं देव जाणे, पण नळाला पाणी सकाळी तासभरच, आणि त्यात तिसऱ्या मजल्यावर अरविंद मोडकांनी शॉवर सोडला की चौथ्या मजल्याच्या नळातून नुसती हवा यायची. मग बाथरूमच्या खिडकीच्या काचपट्ट्यांमधून सुंदराबाईंचा आवाज खाली उतरायचा.

"अवो सायेब! गंगंत घोडं न्हालं का न्हाई? हितं माज्या डोक्याला साबन तसाच हाय!"

"झालं, झालं! दोन मिनिटं!"

"काल बी दोनच म्हनला हुता!"

सुंदराबाई साताऱ्याकडच्या. मुलगा वाशीच्या मार्केटात मापाडी, सून नोकरीवर, त्यामुळे सकाळी सातनंतर घरात त्या एकट्याच. खिडकीतून एवढ्या तोंडाळ, पण जिन्यात समोर आल्या की पदर सावरून, भिंतीला लागून, मुकाट्याने जायच्या. विधवा बाई आणि विधुर माणूस जिन्यात बोलत उभे राहिले तर सोसायटीला आठवडाभर विषय पुरला असता. खिडकीतल्या भांडणाला मात्र कुणाची हरकत नव्हती.

महाप्याच्या कारखान्यात एकोणतीस वर्षं स्टोअर सांभाळून अरविंदराव निवृत्त झाले, आणि सहा महिन्यांत त्यांच्या पत्नी सुनीतीबाई गेल्या. तेव्हापासून दिवसभरात त्यांच्याशी बोलणारं माणूस म्हणाल तर हे एकच, आणि तेही भांडणारं. ते त्यांना आवडायचं, हे मात्र त्यांनी स्वतःशीसुद्धा कधी कबूल केलं नव्हतं.

पुण्याहून लेक क्षिप्रा चार दिवस राहायला आली, तिने पहिल्याच सकाळी हा आरडाओरडा ऐकला.

"बाबा, हे रोज चालतं? आणि तुम्ही ऐकून घेता?"

संध्याकाळी ती वाशीहून शॉवरला लावायची एक नवी जाळी घेऊन आली. पाणी निम्मं, हवा जास्त, आंघोळ मात्र पूर्ण, असं दुकानदाराने सांगितलं होतं. अरविंदरावांनी नोकरीत कधी साधा वायसर वाया जाऊ दिला नव्हता, त्यांना ही वस्तू मनापासून पटली. त्यांनी ती स्वतःच्या हाताने बसवली. क्षिप्रा समाधानाने पुण्याला गेली.

दुसऱ्या दिवशी हाक आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आपला कुणाला त्रास नाही म्हणून अरविंदराव दोन दिवस खूश होते. पाचव्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं की आपण पाय तिसऱ्यांदा धुतोय. मग ते उगाचच खोकले. वर पाणी धो धो वाहत होतं.

आठव्या दिवशी क्षिप्राचा फोन आला. "आवाज असा का येतोय? सर्दी झालीय?"

सर्दी नव्हती. काल सकाळी दूधवाल्याशी बोलल्यानंतर तो आवाज वापरलाच नव्हता.

नवव्या दिवशी अरविंदरावांनी पाना घेतला आणि जाळी काढून टाकली. शॉवर पूर्ण सोडला, खालचा नळही सोडला, आणि एवढं पाणी वाया घालवताना लाज वाटत असूनही पाणी जाईपर्यंत कान वर लावून उभे राहिले. हाक नाही. असे तीन दिवस गेले.

चौथ्या दिवशी पाणी गेल्यावर ते दूध आणायला निघाले, तर दुसऱ्या मजल्याच्या वळणावर सुंदराबाई उभ्या. पायाशी भरलेली बादली, एक हात कठड्यावर, छाती धपापतेय. पदर सावरायचंही भान नव्हतं.

"नळाला पाणी नाही?" अरविंदरावांनी विचारलं. उत्तर त्यांना ठाऊक होतं.

"तीन दिस झालं. खालच्या टाकीवरनं आनते."

"मग हाक का नाही मारलीत?"

"तुमची ल्येक जाताना वर आली हुती. हात जोडून म्हनली, मावशी, बाबांना हाका मारू नका, आई गेल्यापास्नं ते लई खचल्यात, तरास हुतो त्यास्नी." सुंदराबाईंनी दम घेतला. "म्या म्हनलं, मानसाचं दुक्क मोठं का माजी बादली?"

अरविंदरावांनी बादली उचलली. कडी तळहातात रुतत होती. एक आवाज ऐकायला मिळावा म्हणून आपण या बाईला तीन दिवस हे ओझं चढवायला लावलं, या विचाराने त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. चौथ्या मजल्यावर पोचल्यावर खरं सांगून टाकावं असं वाटलं, की त्रास नव्हता होत, मी वाट बघत होतो. पण समोरच्या बिऱ्हाडाचं दार अर्धं उघडं होतं.

"उद्यापासून पाणी येईल," एवढंच ते म्हणाले.

घरी येऊन त्यांनी जाळी पुन्हा बसवली आणि पान्याने घट्ट आवळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता ते त्या बारीक धारेखाली उभे राहिले. वर बादली भरभरून वाहत होती. आता कुणी हाक मारायचं काही कारणच उरलं नव्हतं. अरविंदरावांनी थोडा वेळ वाट पाहिली, मग तोंड काचपट्ट्यांकडे केलं.

"सुंदराबाई! येतंय का पाणी?"



"येतंय की! रग्गड येतंय!"

पुढे काय बोलायचं ते अरविंदरावांनी ठरवलंच नव्हतं. अंगावरून पाणी ओघळत होतं.

"बरं मग," ते शेवटी ओरडले, "उद्या पुन्हा विचारतो!"

वरचा नळ बंद झाला.

"ईचारा," सुंदराबाई म्हणाल्या. "रोज ईचारा. मी हाय."