बिननावाची फ्रेम

गोदामवाल्याने सायकलच्या तीन फ्रेमी टेबलावर आणून ठेवल्या. तिन्ही कार्बनच्या, तिन्ही काळ्या कुळकुळीत, आणि एकीवरही ना नाव ना चिन्ह. "शिक्का नाही म्हणून स्वस्त," तो म्हणाला. "पण एकदा नेली की परत घेणार नाही, आधीच सांगतो." एवढं बोलून तो फोन कानाला लावून दाराशी जाऊन उभा राहिला.

धाकटीची जुनी फ्रेम जोडावर तडकली होती आणि डोंगरातली शर्यत तोंडावर आली होती. नावाजलेल्या कंपनीची कार्बनची फ्रेम घ्यायची, तर तिला दवाखान्यातली नोकरी सोडून दरोडेच घालावे लागले असते. म्हणून हे गोदाम, आणि म्हणून सोबत दादा.

दादाचं सायकलदुरुस्तीचं दुकान. त्याच्या कानाचा भलता बोलबाला. कार्बनचे आतले थर सुटले तर वरून काही म्हणजे काही दिसत नाही. नाण्याने टकटक करत जावं लागतं. धड जागा खणखणीत वाजते, सुटलेली बद्द वाजते. अशी फ्रेम ऐन उतारावर मोडली की माणूस दगडांवर तोंडघशी पडलाच म्हणून समजा.

"घे, वाजव," धाकटीने त्याच्या हातात नाणं ठेवलं.

दादाने वाजवली. पुढची नळी, खालची दांडी, पायडलजवळचा सांधा. मान तिरकी, डोळे अर्धवट मिटलेले, सगळं नेहमीसारखं. फक्त ऐकू काही येत नव्हतं.

आधी चेनची कुरकुर गेली, मग दुकानाच्या दाराची घंटी. हळूहळू माणसांचं बोलणंही कापसात गुंडाळल्यासारखं झालं. ओठ बघून आणि अंदाजपंचे तो वेळ मारून नेत होता. सगळे हसले की हसायचं, समोरचा बोलायचा थांबला की "बरोबर आहे" म्हणायचं. गिऱ्हाइकं हल्ली म्हणायला लागली होती, दादा फार समजूतदार झाले, वादच घालत नाहीत! गिऱ्हाइकांचं एक सोडा. धाकटीला मात्र कळू द्यायचं नव्हतं. ती खोदून खोदून विचारेल, आणि तिच्यापुढे त्याचा निभाव लागणार नव्हता.

"कशी आहे?"

"तू वाजव. मला लांबून नीट कळतं."

ती वाजवू लागली आणि तो तिचा चेहरा बघत राहिला. या पोरीच्या पोटात काही राहत नसे, मग चेहऱ्यावर काय लपणार? पहिल्याच फ्रेमच्या मागच्या दांडीवर तिच्या कपाळाला आठी पडली.

"ही बद्द आहे," दादा लगेच म्हणाला.

"मलाही तसंच वाटलं! तुझा कान म्हणजे ना, दादा!"

कॉपी करून पास झालेल्या पोरासारखा तो मनातून सुखावला. दुसरी फ्रेम पुढे आली, सगळ्यांत हलकी. पण ती वाजवताना धाकटीचं लक्ष गोदामवाल्याकडे होतं, भाव आणखी पाडता येईल का याच्याकडे. चेहऱ्यावर सगळी घासाघीस दिसत होती, फ्रेमचं काहीच दिसत नव्हतं.

"हीच घेऊ ना? ऐकलंस ना सगळं?"

तिला नुसतं 'हो' हवं होतं. आजवर त्याने सगळ्यांना तेच तर दिलं होतं. पण त्याच्या डोळ्यांपुढे तो उतार आला आणि जीभ वळेना.

"नाही ऐकलं," तो म्हणाला. "मला ऐकू येत नाही गं. मघाशीही तुझं तोंड बघून सांगितलं."

ती आधी हसली. मग त्याच्याकडे नीट बघून थांबली. "कधीपासून?" तिने ओठ सावकाश हलवत विचारलं, आणि तो सावकाशपणा त्याला बोचला.

"झालं असेल वर्ष-दीड वर्ष."

आता रागावेल, डॉक्टरचं काढेल, असं त्याला वाटलं. पण ती मनाशी काहीतरी जुळवत होती.

"म्हणजे आई गेली तेव्हाही."

"हो."

"मी औषधं आणायला खाली गेले होते. तिच्याजवळ तू एकटाच होतास." तिचे ओठ आता भराभर हलत होते, तरी त्याला सगळं कळत होतं. "आई माझ्याशी बोलत नव्हती. तू सांगितलंस, शेवटी म्हणाली, धाकटीला सांग, माझा तिच्यावर राग नाही. ते तू ऐकलंस?"

अजूनही 'हो' म्हणता आलं असतं. "तिचे ओठ हलत होते," दादा म्हणाला. "बराच वेळ बोलत होती. तुझ्याबद्दलच असेल असं वाटलं मला."

"वाटलं."

"तिचा राग नसणारच गं. आईला मी ओळखत नव्हतो का?"

धाकटीने नाणं उचललं. त्याच्याकडे पाठ करून ती दुसरी फ्रेम पुन्हा पहिल्यापासून वाजवायला लागली, बोटभर सरकत, एकही जागा न सोडता. गोदामवाला फोन संपवून आत आला आणि बाजूला उभा राहिला. मध्येच तिचा हात थांबला. मान खाली घालून ती काहीतरी बोलली; मागून तिचा गाल हलताना तेवढा दिसला. त्याला बोलली, की आईला, ते दादाला कळलं नाही. पुन्हा सांग म्हणावं म्हणून त्याने तोंड उघडलं, पण ती वळली तर काय ऐकावं लागेल या भीतीने तसंच मिटून घेतलं.