फार्करचं नाक

हिवाळ्यातल्या त्या तापानंतर फार्करचं नाक गेलंय, असा मला संशय होता. आमच्या भट्टीतल्या कुठल्या पिंपाची व्हिस्की आमच्या नावाने बाटलीत भरायची आणि कुठली दुसऱ्यांच्या मिश्रणात निनावी विकायची, हे मी इथे लागायच्या आधीपासून तोच वास घेऊन ठरवतो. मालकीणबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, ऊना, त्याची परीक्षा घे. चुकला तर त्याची जागा तुझी. मी मेलीने लगेच हो म्हटलं. मला ती जागा हवी होती, उगाच सोवळेपणा कशाला!

आमचे वास घ्यायचे पेले निळ्या काचेचे, रंगावरून कुणी भुलू नये म्हणून. मी दोन्ही पेल्यांत एकाच पिंपातली व्हिस्की ओतली. पिंपही साधंसुधं नाही, गोदामातलं सगळ्यात झकास, फार्करने स्वतः भरलेलं. त्याला मात्र दोन वेगळी पिंपं म्हणून सांगितलं.

नेहमीसारखा आधी मी वास घेतला, मग त्याने. ज्याने मला हे काम हाताला धरून शिकवलं, त्याच्यासाठीच सापळा लावून बसले होते. लाजेने मान वर होईना.

"दोन्ही टाकाऊ," तो म्हणाला. "गंधकाचा वास मारतोय. देऊन टाक मिश्रणवाल्यांना."

म्हणजे नाक गेलंच होतं, आणि जागा माझी झाली होती. पण ते सोन्यासारखं पिंप निनावी विकलं जाणार, हे काही मला बघवेना.

"फार्कर, दोन्हीत एकच व्हिस्की आहे. आणि फार सुंदर आहे."

त्याने पेला खाली ठेवला. म्हणाला, "मग तुझं तोंड का असं पडलं होतं?"

तेव्हा उलगडा झाला. ताप उतरल्यापासून तो माझ्या चेहऱ्यावरून निकाल देत होता. मी खूश दिसले की पिंप पास, नाक मुरडलं की नापास. आजवर एकदाही चुकला नव्हता.

मी सगळं सांगून टाकलं. बाईंचं, आणि माझ्या हावरटपणाचंही.

"मग मागायची होतीस की जागा," तो म्हणाला. "मी काय नाही म्हणणार होतो?"

या एका वाक्यापुढे मी ढसाढसा रडले. त्यापेक्षा त्याने दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्याने पेला माझ्याकडे सरकवला.

"कशी झालीय ते तरी सांग, पोरी. मला आता कळायची नाही."

मी पेला नाकाशी धरला. रडून नाक पार चोंदलं होतं, काही म्हणता काही वास येईना. तरी सांगत सुटले, नाशपाती, मध, विझत आलेल्या शेकोटीचा धूर. तो हळूहळू मान डोलवत होता. माझ्या चेहऱ्याकडे मात्र त्याने एकदाही पाहिलं नाही.